बंद घर उघडलं की टीव्ही लागत नाही: कंडेन्सरचा दोष कसा शोधायचा

गणपतीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत माझ्या दुकानाबाहेर जी गर्दी होते, तिच्यातल्या बऱ्याच सेटचं दुखणं एकच असतं. मुंबईहून माणसं येतात, मे महिन्यात कुलूप लावलेलं घर उघडतात, झाडलोट होते, माटवी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायला घेतात. मग कुणीतरी टीव्हीचा प्लग लावतो आणि काहीच होत नाही. "मे मयन्यात बरो चलत होतो, आता लागणाच नाय." मालवण तालुक्यातल्या माझ्या दुकानात हे वाक्य मी २२ वर्षं ऐकतो आहे.

दोष बहुतेक वेळा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये, म्हणजे बोर्डवरच्या वीज साठवणाऱ्या छोट्या डब्यात निघतो. आपल्याकडे सगळे त्याला कंडेन्सर म्हणतात, मीही तेच म्हणतो. हा भाग पाच-पंचवीस रुपयांत मिळतो. त्याच्यापायी हजारोंचं बोर्ड बदललेलं किंवा चांगला सेट भंगारवाल्याला दिलेला पाहिला की जीव तुटतो. म्हणून मी ज्या क्रमाने तपासतो तो क्रम इथे लिहितो. पहिल्या काही गोष्टी कुणालाही घरी करता येतील. पुढे कुठे थांबायचं तेही सांगतो. ते थांबणं जिवाशी निगडित आहे, तेव्हा तिथे घाई करू नका.

लक्षणं

कंडेन्सर खराब झाला की सेट यांपैकी काहीतरी करतो:

- लाल दिवा लागतो, पण चित्र येत नाही. किंवा दिवा लुकलुकतो आणि आतून बारीक टिक-टिक ऐकू येते.
- प्लग लावून दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवला की लागतो. ही वाट बघण्याची वेळ दर आठवड्याला वाढत जाते.
- चालू असेपर्यंत उत्तम चालतो. लाइट जाऊन आली की पुन्हा लागत नाही.
- सेटटॉप बॉक्स किंवा राउटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होत राहतो, आणि ते संध्याकाळी जास्त.
- भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर सतत घुमतो. माइक बंद, पेटी बंद, तरी स्पीकरमधून "हूंऽऽ" चालूच.
- प्लग लावताच "फट्" आवाज, आणि मागून उग्र वास.

पडद्यावर उभ्या रेघा असतील तर दोष पॅनेलचा असू शकतो. आवाज येतो आणि पडदा काळा, अशा वेळी अंधारात पडद्यावर तिरका टॉर्च मारून बघा. अंधुक चित्र हलताना दिसलं तर मागच्या एलईडी पट्ट्या किंवा त्यांना वीज देणारा भाग गेलेला असतो. त्याला ही तपासणी लागू नाही.

डब्याच्या आत काय असतं

हे आधी कळलं तर पुढची प्रत्येक तपासणी का करायची ते आपोआप कळतं. शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्याच दिवशी एक खराब, पूर्ण रिकामा केलेला कंडेन्सर हातमोजे घालून कापायला लावतो.

बाहेर ॲल्युमिनियमचा डबा. खाली काळ्या रबराचं बूच, त्यातून निघालेले दोन पाय. डबा कापला की चटईच्या वळकटीसारखी एक गुंडाळी बाहेर येते. ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या, त्यांच्यामध्ये कागद, आणि तो कागद ओला. नव्या कंडेन्सरचा कागद बोटाला ओलसर, बुळबुळीत लागतो. दहा-बारा वर्षं वापरलेल्या कंडेन्सरचा पापडासारखा कोरडा निघतो. हा फरक एकदा हाताला कळला की माणूस विसरत नाही.

दोन पट्ट्यांपैकी धन बाजूची पट्टी निस्तेज दिसते. कारखान्यात ती क्लोराइडच्या द्रावणात वीज सोडून कोरलेली असते. डोळ्यांना न दिसणारे लाखो खड्डे आणि बोगदे तिच्यात पडतात, त्यामुळे तिचं पृष्ठफळ कित्येक पटींनी वाढतं. कमी व्होल्टच्या भागांत ही वाढ १०० पटींच्या घरात जाते. एवढ्याशा डब्यात एवढी धारणा, म्हणजे वीज साठवायची क्षमता, बसते ती यामुळे. कोरून झालं की क्लोराइडचा अंशही मागे राहू नये म्हणून पट्टी धुतात. हा क्लोराइड लक्षात ठेवा, आपल्या खाऱ्या हवेत तो पुन्हा भेटणार आहे.

मग त्या पट्टीवर विजेच्या दाबाखाली ॲल्युमिनियम ऑक्साइडची साय धरवतात. आपल्या सड्यावर जांभ्याच्या सोबतीने बॉक्साइट सापडतं ना, त्यातही पाणी धरलेलं ॲल्युमिनियम ऑक्साइडच असतं. कंडेन्सरमध्ये मात्र ही साय दर व्होल्टमागे साधारण १.४ नॅनोमीटर एवढीच जाड असते. ४०० व्होल्टच्या कंडेन्सरमध्येसुद्धा ती एका मायक्रॉनपेक्षा पातळ भरते. धन आणि ऋण यांना वेगळं ठेवणारी खरी भिंत ही साय आहे. कागदाचं काम फक्त द्रव धरून ठेवायचं आणि पट्ट्या एकमेकींना टेकू द्यायच्या नाहीत.

आणि खरी ऋण बाजू? ती दुसरी पट्टी नव्हे. तो द्रवच ऋण बाजू असतो. तो धन पट्टीच्या प्रत्येक खड्ड्यात शिरून सायीला चिकटतो, दुसरी पट्टी फक्त त्याला बाहेरच्या पायाशी जोडते. कारोल पोलाक यांनी १८९६ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं तेव्हा त्यात टाकणखाराचं द्रावण होतं. आज बहुधा इथिलीन ग्लायकॉलसारखा द्रव, त्यात अमोनियमचे क्षार आणि थोडं पाणी असतं.

या द्रवाचं आणखी एक काम आहे. सायीला कुठे बारीक तडा गेला तर वीज चालू असताना द्रवातल्या ऑक्सिजनने तिथे नवी साय धरते. म्हणजे चालू कंडेन्सर स्वतःची डागडुजी करत असतो. वीजच नसेल तर डागडुजी थांबते आणि द्रवातलं पाणी सायीला हळूहळू कमकुवत करतं.

तेव्हा कंडेन्सर मरतो तो दोन वाटांनी. वापरात असेल तर उष्णतेने द्रव रबराच्या बुचातून वाफेच्या रूपाने झिरपत जातो आणि आतला कागद सुकतो. पडून असेल तर साय सैल होते, आणि अचानक पूर्ण दाब आला की गळती होऊन आत उष्णता आणि वायू तयार होतो. आपल्याकडच्या बंद घरातल्या सेटला दोन्ही भोगावं लागतं. आधी आठ-दहा वर्षं वापरून कागद अर्धा सुकलेला, त्यात चार महिने कुलूप. नवाकोरा चांगला कंडेन्सर चार-आठ महिने पडून राहिला म्हणून मरत नाही, हेही सांगायला हवं. जुन्याला मात्र तो शेवटचा धक्का ठरतो.

उष्णतेचा हिशेब सोपा आहे. तापमान दर १० अंशांनी कमी झालं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. डब्यावर "१०५ अंश" आणि पत्रकात "२००० तास" असेल, आणि सेटच्या आत ६५ अंश असतील, तर ४० अंशांचा फरक म्हणजे चार वेळा दुप्पट, ३२,००० तास. रोज सहा तास धरले तर १४ वर्षांच्या वर. त्याच जागी ८५ अंशांचा कंडेन्सर घातला तर फक्त दोन वेळा दुप्पट, ८,००० तास, म्हणजे पावणेचार वर्षंसुद्धा नाहीत. दिसायला दोन्ही सारखेच, किमतीत दोन-चार रुपयांचा फरक. दुरुस्तीला आलेल्या सेटमध्ये आधीच्या कुणी ८५ चा घातलेला निघाला की मला वाईट वाटतं.

पहिली तपासणी: न उघडता, न खर्च करता

आधी दुसरं उपकरण लावून प्लगपॉइंट बघा. बंद घरात पॉइंटच्या आतल्या पितळी पट्ट्या काळ्या पडतात, प्लग सैल बसतो. याच कारणाने आणलेले सेट मी दरवर्षी तसेच परत पाठवतो.

सेटटॉप बॉक्स किंवा राउटर असेल तर शेजाऱ्याचा तसाच ॲडॅप्टर लावून बघा. व्होल्ट तेच, पिनची धन-ऋण बाजू तीच, आणि अँपिअर तेवढेच किंवा जास्त असायला हवेत. ॲडॅप्टर हवाबंद असतो, आतल्या आत तापतो, त्यामुळे त्यातला कंडेन्सर बॉक्सच्या आधी सुकतो. मीटर लावून "१२ व्होल्ट येतायत की" म्हणून तो बरा ठरवू नका. बोजा नसताना खराब ॲडॅप्टरही १२ दाखवतो, बॉक्स जोडला की ८-९ वर येतो. म्हणून मोजण्यापेक्षा बदलून बघणं खरं.

ॲम्प्लिफायर घुमत असेल तर आवाजाचं बटण पूर्ण शून्यावर आणा. घुमणं गेलं तर दोष माइकच्या वायरीत किंवा अर्थिंगमध्ये. शून्यावरही तसंच राहिलं तर फिल्टरचा मोठा कंडेन्सर सुकला असण्याची शक्यता फार. आपली वीज ५० हर्ट्झची, डायोडच्या पुलातून गेल्यावर तिचे १०० हेलकावे होतात, आणि ते सपाट करायचं काम या कंडेन्सरचं. तो थकला की हेलकावे थेट स्पीकरमध्ये ऐकू येतात. एका मंडळाने या घुमण्यापायी नवे माइक घेतले होते, वायरी बदलल्या होत्या. आत ४७०० मायक्रोफॅरडचे (धारणा मोजायचं माप) दोन कंडेन्सर बदलले आणि त्याच रात्री भजन झालं.

वेळही बघा. संध्याकाळी सात ते दहा सेट त्रास देतो आणि सकाळी बरा चालतो? गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतं. धडधाकट सेट साधारण १०० पासून २४० व्होल्टपर्यंत कशावरही चालायला हवा. पडलेल्या व्होल्टेजला तो हार मानतो तेव्हा मुख्य फिल्टर कंडेन्सरची धारणा घटलेली असते. स्टॅबिलायझर लावून काही दिवस निभावतं, पण दोष आत वाढतच राहतो.

दुसरी: ओल की कंडेन्सर?

पावसाळ्यात बंद घरात भिंती घामेजतात, चामड्याच्या चपलांना बुरशी धरते. सेटच्या आतही तीच हवा असते. घर उघडल्या उघडल्या प्लग लावू नका. दारं-खिडक्या उघडा, पंखा लावा, सेट एक दिवस तसाच कोरडा होऊ द्या. चुलीच्या उबेला ठेवू नका, उन्हातही नको. मागच्या जाळीतून टॉर्च मारून बघा: मुंग्यांचं घर, कुंभारमाशीची माती, पालीची अंडी, यातलं सगळं मी सेटमधून काढलं आहे.

एक दिवसानंतरही लागला नाही तर ही युक्ती करा. प्लग काढलेला ठेवा. केस वाळवायच्या ड्रायरने मागच्या जाळीतून, हातभर अंतरावरून, दोन-तीन मिनिटं कोमट हवा द्या. मग ड्रायर बाजूला ठेवून प्लग लावा. लागला, तर रात्री बंद करा आणि सकाळी थंड असताना पुन्हा लावून बघा. सकाळीही नीट लागला तर ओलच होती, ती गेली. सकाळी पुन्हा हटून बसला तर कंडेन्सर. सुकलेल्या कंडेन्सरचा आतला अडथळा थंडपणी वाढतो आणि ऊब मिळाली की घटतो, म्हणूनच "दहा मिनिटांनी लागतो" हे लक्षण एवढं बोलकं आहे.

वासही घ्या. फुटलेल्या कंडेन्सरच्या द्रवाला कधीकधी सुक्या मासळीसारखा वास येतो. आपल्या घरांत तो वेगळा ओळखणं सोपं नाही, तेव्हा नाक अगदी जाळीशी न्यावं लागतं.

इथे थांबा

यापुढे सेटचं मागचं झाकण उघडावं लागतं. ज्याने आधी हे काम केलेलं नाही त्याने उघडू नये. आपली २३० व्होल्टची वीज डायोडमधून गेली की मुख्य कंडेन्सरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट भरतात, आणि बोर्ड बिघडलेलं असेल तर प्लग काढल्यावरही बराच वेळ ते तिथेच राहतात. मेलेला सेटही धक्का देऊन कुणालाही मारू शकतो. जुना काचेच्या पिक्चर ट्यूबचा टीव्ही, मायक्रोवेव्ह, इन्व्हर्टर एसीचं बोर्ड आणि घरचा बॅटरीवाला इन्व्हर्टर तर हौशी माणसाने उघडूच नये. पिक्चर ट्यूबवर २० हजार व्होल्टच्या वर दाब असतो.

पुढचं ज्यांच्या हाताला सोल्डरिंगची आणि मीटरची सवय आहे त्यांच्यासाठी.

तिसरी: झाकण काढून डोळ्यांनी

प्लग काढा, दहा मिनिटं थांबा. मग दोन-अडीच किलोओहमचा, १० वॅटचा रेझिस्टर लांब, रबरी मुठीच्या चिमट्यांना जोडून मुख्य कंडेन्सरच्या दोन पायांवर पाच सेकंद धरा. नंतर मीटर डीसी १००० व्होल्टवर ठेवून मोजा आणि शून्याजवळ आल्याची खात्री करा. स्क्रू-ड्रायव्हरने पाय जोडून ठिणगी काढायची सवय मोडा, त्याने बोर्डवरची तांब्याची रेघ उडते आणि डोळ्यांना धोका होतो. एक हात खिशात ठेवून काम करणं ही जुन्या कारागिरांची रीत मला आजही योग्य वाटते.

आता डब्यांची डोकी बघा. वर कोरलेली चीर असते, फुलीसारखी किंवा इतर आकाराची. आत वायू साठला की डबा फुटण्याऐवजी तिथे उकलावा म्हणून ती केलेली असते. डोकं सपाट हवं. किंचितही फुगलेलं, चिरेवर तपकिरी खपली, किंवा बूच खालून बाहेर सरकून डबा वाकडा झालेला असेल तर तो गेला. पायाशी हिरवट-निळी बुरशीसारखी छटा म्हणजे गळलेल्या द्रवाने तांब्याची रेघ खाल्ली. मोठ्या कंडेन्सरच्या बुडाशी पिवळसर-तपकिरी थर दिसला तर तो कारखान्यातला चिकट गोंदही असू शकतो. गोंद असला तरी खरवडून काढा, जुना झाला की तोही वीज वाहू देतो आणि पाय कुजवतो.

पण न फुगलेला म्हणजे चांगला, असं मुळीच नाही. हा गैरसमज पसरण्यामागे एक कारण आहे. साधारण १९९९ ते २००७ या काळात जगभर कॉम्प्युटरच्या मदरबोर्डांवर चुकीच्या द्रवाचे कंडेन्सर बसले होते. त्यात पाणी जास्त आणि ते पाणी ॲल्युमिनियमवर चढू नये म्हणून घालायचं रसायन अपुरं होतं. आत हायड्रोजन तयार होऊन डबे रांगेने फुगले आणि फुटले. तेव्हापासून लोक फक्त फुगवटा शोधतात. आपल्याकडे जे मरतात ते जास्त करून सुकून मरतात, आणि सुकलेला कंडेन्सर बाहेरून नव्यासारखा दिसतो. शिवाय ८ मिलिमीटरपेक्षा बारीक डब्यांवर बहुधा ती चीर नसतेच, ते फुगून काही सांगत नाहीत.

किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट बघावी लागते: पाय. बहुतेक पायांच्या तारेत आत पोलाद, वर तांब्याचा आणि कथलाचा पातळ थर असतो. खारी ओल बुचाशी बसली की तिथे गंज चढतो. डबा हलकेच हलवला की पाय तुटून येतो, आणि बाकी कंडेन्सर ठणठणीत असतो. समुद्रापासून दीड-दोन किलोमीटरच्या आतल्या घरांत हे मी जास्त पाहतो. मिठातला क्लोराइड ॲल्युमिनियमचा जुना वैरी आहे. कारखान्यात ज्याने पट्टी कोरली, तोच आत शिरला तर सायीला भोकं पाडतो. म्हणून बोर्ड साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश वापरा. क्लोरीनयुक्त सॉल्व्हंटचे फवारे कंडेन्सरजवळ नकोत, ते रबरातून आत झिरपतात.

चौथी: मोजणी

साध्या मीटरच्या धारणेच्या पट्ट्यावर आधी मोजा, एक पाय सोडवून. छापलेल्या आकड्यापेक्षा २० टक्के इकडे-तिकडे चालतं. ४७० चा ३९० दाखवला तर नियमात आहे, २५० दाखवला तर बदला. पण १००० छापलेला ९५० दाखवतो आणि तरी खराब असतो, असंही पुष्कळदा होतं. धारणा आहे, पण आतला अडथळा वाढलाय. तो मोजायला ईएसआर मीटर लागतो. द्रव सुकला की वीज खड्ड्यांपर्यंत पोचायची वाट अरुंद होते, आणि हा मीटर नेमकी ती वाट मोजतो. दुरुस्तीचं काम नेहमी करणाऱ्याने आधी हाच घ्यावा. तसाच एक नवा कंडेन्सर शेजारी मोजा, तुलना आपोआप होईल.

"चालू असेपर्यंत बरा, बंद केला की मेला" अशी तक्रार असेल तर मी मोठ्या कंडेन्सरांकडे बघतही नाही. पॉवर सप्लायच्या कंट्रोल आयसीशेजारी एक इवलासा कंडेन्सर असतो, बहुधा २२ किंवा ४७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट. सुरुवातीच्या क्षणी आयसीला जागं करायची ताकद तो साठवतो. एकदा सप्लाय सुरू झाला की आयसीला ट्रान्सफॉर्मरमधून वीज मिळत राहते, म्हणून चालू सेटमध्ये त्याचा दोष कळत नाही. तो अनेकदा गरम रेझिस्टरच्या किंवा हीटसिंकच्या कुशीत बसवलेला असतो आणि सगळ्यांत आधी सुकतो. "पॉवर बोर्ड गेलं" म्हणून टाकून दिलेले कितीतरी सेट या एका कंडेन्सरवर उठले आहेत.

पाचवी: बदलताना

काढायच्या आधी मोबाइलवर फोटो घ्या. डब्यावरचा पट्टा ऋण पाय दाखवतो, पण बोर्डवरच्या खुणा सगळीकडे एकसारख्या नसतात. उलटा बसला तर साय बनण्याऐवजी मोडते, वायू होतो आणि डबा उडतो. पहिल्यांदा वीज देताना चेहरा कधीही बोर्डवर धरू नका.

मायक्रोफॅरड तेवढेच घ्या. व्होल्ट तेवढे किंवा एक पायरी वर चालतील, खाली नाही. १०५ अंश, आणि सप्लायच्या दुय्यम (ट्रान्सफॉर्मरनंतरच्या, कमी व्होल्टच्या) बाजूला लो ईएसआर प्रकारचाच. उंची-जाडी मोजून न्या. फार स्वस्त मिळाला तर वजन हातात तोलून बघा. नकली मोठ्या डब्यात छोटा कंडेन्सर लपवलेला मी उघडून पाहिला आहे.

दुकानात वर्षानुवर्षं पडलेला माल घेतला असेल तर तो थेट लावू नका. उत्पादकांच्या पत्रकांत साठवणीसाठी साधारण ५ ते ३५ अंश आणि ७५ टक्क्यांच्या आत आर्द्रता सांगितलेली असते, आणि आपल्या आषाढ-श्रावणात ते कुठल्याच कपाटात जमत नाही. अशा कंडेन्सरला त्याच्या छापील व्होल्टचा डीसी दाब १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून अर्धा तास देतात. साय पुन्हा नीट धरते. बरेच महिने बंद असलेल्या जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या ॲम्प्लिफायरला मी पहिली वीज १०० वॅटच्या जुन्या तारेच्या दिव्यातून, सिरीजमध्ये देतो. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

पंखा आणि पंप यांचा कंडेन्सर वेगळा

छताच्या पंख्यातला अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर प्लास्टिकच्या फिल्मचा असतो, त्यात हा द्रव नसतो. पंखा हळू फिरतो तेव्हा तो बदलायचा, वर लिहिलेलं त्याला लागू नाही. वाडीच्या शिपण्याच्या पंपाला मात्र बहुधा दोन कंडेन्सर असतात. त्यातला सुरुवातीचा इलेक्ट्रोलिटिक असतो, दोन्ही पट्ट्यांवर साय धरवलेला, म्हणून त्याला धन-ऋण नसतं. तो काही सेकंदांपुरताच बनवलेला आहे. पंप नुसता "घूंऽ" करून थांबला तर हाच बघावा. नवा घातल्यावर आठवड्यात पुन्हा फुटला तर दोष मोटरीतल्या सेंट्रिफ्युगल स्विचचा आहे: तो चिकटून बसतो आणि कंडेन्सर मिनिटभर लाइनवर राहतो. तिसरा कंडेन्सर विकत घेऊ नका, मोटर वाइंडिंगवाल्याकडे न्या. ओल्या विहिरीच्या काठावर उभं राहून पंपाची पेटी चालू लाइनवर उघडू नका, मेन स्विच आधी खाली.

कारागिराला कधी बोलवायचं

नवा कंडेन्सर महिन्याभरात पुन्हा फुगला तर. फ्यूज बदलताच पुन्हा उडाला तर. बोर्ड काळं पडलं असेल, रेघा उठल्या असतील, किंवा वीज कोसळल्यावर सेट मेला असेल तर. कंडेन्सर सगळे बरे मोजले आणि तरी टिक-टिक चालू असेल तर, कारण मग दोष डायोड, रेझिस्टर किंवा आयसीकडे जातो आणि अंदाजाने भाग बदलत बसलं की चांगलं बोर्डही खराब होतं. आणि आपल्याला मनात धाकधूक वाटत असेल तर ती पुरेशी आहे, झाकण परत लावा.

परत मुंबईला निघताना प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवा. स्टँडबायवर ठेवला तर साय ताजी राहते हे खरं, पण वळवाच्या आणि हस्ताच्या विजांपुढे तो फायदा काहीच नाही. चावी शेजारच्या काकूंकडे असेल तर दोन-तीन महिन्यांतून एकदा, कोरड्या दिवशी, सेट तासभर लावायला सांगा.

फोन करताना तीन गोष्टी सांगा: मागच्या चिठ्ठीवरचा पूर्ण मॉडेल नंबर, घर किती महिने बंद होतं, आणि सेट अजिबात लागत नाही की वेळाने लागतो. "वेळाने लागतो" म्हणालात तर मी ईएसआर मीटर आणि २२, ४७, ४७०, १००० चे कंडेन्सर पिशवीत घालूनच निघतो, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुसरी फेरी मारावी लागत नाही.